प्रथिनांचा पत्ता : संकेत-परिकल्पनेची एक चिकित्सा

(१)

एखादी शास्त्रीय उपपत्ती सर्वमान्य झाली की तिची चिकित्सा मंदावते, हा ज्ञानक्षेत्रातील नेहमीचा अनुभव आहे. उपपत्ती वादग्रस्त असते तोवर तिचे प्रत्येक विधान पारखून घेतले जाते. ती पाठ्यपुस्तकात स्थिरावली की विधानांची जागा एखादी सुटसुटीत उपमा घेते, आणि पुढील पिढीच्या हाती मूळ उपपत्ती न येता ती उपमाच येते. पेशीमध्ये नव्याने तयार झालेली प्रथिने पटलापर्यंत कशी पोहोचतात, या प्रश्नाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. प्रत्येक प्रथिनावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि पेशी तो वाचून प्रथिन योग्य स्थळी पोहोचविते, हे वाक्य आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहे. १९९९ साली ग्युंटर ब्लोबेल यांना शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हाही त्यांच्या कार्याचे वर्णन करताना पत्रावरील पत्त्याची आणि प्रवाशाच्या सामानावरील चिठ्ठीची उपमा योजली गेली.

ही उपमा मूळ परिकल्पनेला न्याय देते काय, आणि मूळ परिकल्पना आज उपलब्ध असलेल्या पुराव्याला न्याय देते काय, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळू न देणे, हे या विषयाच्या चिकित्सेचे पहिले पथ्य होय. उपमा चुकली म्हणून परिकल्पना चुकली असे होत नाही. आणि परिकल्पना यशस्वी ठरली म्हणून उपमा निर्दोष ठरते असेही नाही.

प्रश्नाचे महत्त्व दोन बाजूंनी ध्यानात घेतले पाहिजे. अनेक सजीवांच्या जनुकसंचात सुमारे २० ते ३० टक्के जनुके पटलात बसणाऱ्या प्रथिनांची असतात. पेशीबाहेर स्रवणारी प्रथिने यांखेरीज. म्हणजे पेशीच्या प्रथिननिर्मितीचा फार मोठा भाग या एका टप्प्यावर अवलंबून आहे. दुसरी बाजू भौतिक स्वरूपाची आहे. पटलाचा मेदमय गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा व पूर्णतया जलविरोधी असतो, तर प्रथिनाच्या साखळीचा बराचसा भाग जलस्नेही असतो. अशी साखळी या गाभ्यातून पलीकडे कशी जाते, आणि जी साखळी गाभ्यातच थांबावयाची ती नेमकी तेथेच कशी थांबते, ही अडचण केवळ स्थळ ठाऊक असल्याने सुटत नाही. पत्ता कळणे आणि दार उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

(२)

संकेत-परिकल्पना शून्यातून निर्माण झाली नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पॅलेड, फिलिप सीकेवित्झ आणि त्यांचे सहकारी यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून स्रावी प्रथिनांचा मार्ग निश्चित झाला होता : प्रथम आंतर्द्रव्य जालिकेस चिकटलेले रायबोसोम, नंतर जालिकेची पोकळी, त्यानंतर गॉल्जी पिंड, आणि अखेर स्रावकणिका. या परंपरेस १९७४ साली नोबेल पारितोषिकाने मान्यता मिळाली. १९६६ साली कोल्विन रेडमन व डेव्हिड सबातिनी यांनी दाखविले की, प्युरोमायसिन या द्रव्याने साखळी अर्धवट तोडली तरी ती बाहेरच्या द्रवात न पडता जालिकेच्या पोकळीत उतरते. साखळी तयार होत असतानाच तिचे एक टोक पटलाच्या स्वाधीन झालेले असते, असा याचा अर्थ होता.

येथून पुढचा प्रश्न अटळ होता. पेशीतील रायबोसोम एकाच प्रकारचे; मग काही पटलास चिकटतात व काही पेशीद्रवात मोकळे राहतात, हे कशाने ठरते? १९७१ साली ब्लोबेल व सबातिनी यांनी सुचविले की भेद रायबोसोममध्ये नसून तयार होणाऱ्या साखळीत असावा. साखळीच्या आरंभाजवळचा एखादा सामाईक अंश कोणत्या तरी बंधक घटकाकरवी पटलाशी जोडला जात असावा. हे विधान मांडले गेले तेव्हा त्यास प्रत्यक्ष पुरावा जवळजवळ नव्हता. ते अनुमान होते, आणि त्याची खरी किंमत ते खोटे ठरविता येण्याजोगे होते यात होती.

पुढील वर्षी केंब्रिजहून अनपेक्षित साहाय्य आले. सेझार मिलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रतिपिंडाची हलकी साखळी पेशीरहित मिश्रणात तयार केली, तेव्हा ती पेशीत सापडणाऱ्या साखळीपेक्षा आरंभीच्या टोकास लांब निघाली. हा जादा तुकडा स्रावाचा संकेत असू शकेल, असे त्यांनी सुचविले. परिकल्पनेच्या इतिहासात रॉकफेलर संस्थेचे नाव ठळकपणे घेतले जाते. परंतु संकेताचे भौतिक अस्तित्व प्रथम दिसले ते केंब्रिज येथे, ही गोष्ट विसरली जाऊ नये.

(३)

१९७५ साली ब्लोबेल व बर्नहार्ड डोबरस्टाइन यांचे दोन निबंध पेशीविज्ञानाच्या अमेरिकन नियतकालिकात पाठोपाठ प्रसिद्ध झाले. आज हे निबंध नावाने सर्वांस ठाऊक आहेत. मुळातून वाचणारे थोडे. त्यांतील युक्तिवादाची बांधणी विशेष पाहण्याजोगी आहे.

लेखकद्वयाने प्रयोगासाठी घटक जमविले ते मुद्दाम निरनिराळ्या प्राण्यांचे : उंदराच्या मायलोमा अर्बुदापासून हलक्या साखळीचा संदेशवाहक आरएनए, सशाच्या रक्तपेशींपासून रायबोसोमचे उपघटक, आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडापासून रायबोसोम काढून टाकलेली पटले. अशा परक्या घटकांच्या मिश्रणातही साखळी पटलाच्या आत गेली, तिचा जादा तुकडा कापला गेला, आणि प्रथिनभंजक विकर बाहेरून घातले असता आत गेलेली साखळी सुरक्षित राहिली. त्याच परिस्थितीत हिमोग्लोबिनच्या ग्लोबिन साखळीला मात्र पटलाने आत घेतले नाही. उंदराचा संकेत कुत्र्याच्या पटलास कळतो, याचा अर्थ ही यंत्रणा जातिविशिष्ट नाही. विजातीय घटकांची ही निवड प्रयोगाची केवळ सोय नव्हती. तो युक्तिवादाचाच एक भाग होता.

प्रयोगाचे आणखी एक अंग तितकेच महत्त्वाचे आहे, आणि तेच पुढे विस्मृतीत गेले. साखळी पूर्ण तयार झाल्यावर पटले मिश्रणात घातली, तर काहीच घडले नाही. साखळी आत गेली नाही आणि तिचा जादा तुकडाही कापला गेला नाही. आता पत्त्याच्या उपमेने या निष्कर्षाकडे पाहावे. पूर्ण झालेल्या साखळीवरचा पत्ता शाबूत होता. त्यातील एकही अक्षर पुसले गेले नव्हते. आणि ज्या दारी जावयाचे ते दारही समोर होते. तरीही पत्र पोहोचले नाही. पत्रावरील पत्ता काल वाचला काय किंवा आज वाचला काय, त्याच्या अर्थात फरक पडत नाही. येथे मात्र फरक पडतो तो केवळ वेळेचा. परिकल्पनेच्या पायाभूत प्रयोगानेच पत्त्याची उपमा अपुरी ठरविली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ निबंधांत ही जाणीव होती. तेथे संकेत ही एका क्रमबद्ध प्रक्रियेची पहिली पायरी म्हणून मांडलेला आहे : रायबोसोममधून संकेत बाहेर येतो, पटलातील ग्राहक प्रथिने एकत्र येतात, त्यांच्यामधून बोगदा तयार होतो, साखळी त्यातून सरकते, आणि काम संपताच बोगदा विस्कटतो. यांतील बोगदा हे त्या वेळी निव्वळ अनुमान होते. त्याची रचना, त्याचे घटक, त्याचे अस्तित्व यांपैकी कशासही पुरावा नव्हता. टीकाकारांनी आपले लक्ष याच ठिकाणी केंद्रित केले, ते योग्यच होते.

(४)

या परिकल्पनेस समर्थ प्रतिपक्ष मिळाला, हे तिचे भाग्य होय. १९७९ साली विल्यम विकनर यांनी पटल-चालना परिकल्पना मांडली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, साखळीला पटलात नेण्यासाठी विशेष बोगद्याची गरज नाही. संकेत-क्रमामुळे साखळीची घडी पाण्यात टिकण्याजोगी राहते. पटलाचा स्पर्श होताच ती घडी बदलते आणि साखळी आपल्याच गुणधर्माने मेदद्रव्यात शिरते. १९८१ साली डोनाल्ड एंगेलमन व टॉमस स्टाइट्झ यांनी ऊर्जेचा हिशेब मांडून, दोन जलविरोधी सर्पिलांची जोडी केसात माळावयाच्या आकड्यासारखी वळून पटलात स्वयंस्फूर्तपणे शिरू शकेल, असे प्रतिपादन केले. वादाचा मुद्दा स्पष्ट होता. प्रथिनाच्या स्थानांतराचे कारण प्रथिनाच्या व मेदद्रव्याच्या रसायनात शोधावयाचे, की पेशीने राखलेल्या स्वतंत्र यंत्रणेत?

पुढील बारा-तेरा वर्षांत यंत्रणेच्या पक्षाने एकामागून एक पुरावे हजर केले. पीटर वॉल्टर व ब्लोबेल यांनी १९८० साली पटलांवरून मिठाच्या द्रावणाने सुटणारा एक घटक शुद्ध केला. संकेत ओळखणारे प्रथिन असे त्याचे नाव ठेवले गेले. परंतु १९८२ साली त्यात आरएनएचाही एक अत्यावश्यक रेणू सापडला आणि नाव बदलून संकेतग्राही कण असे करावे लागले. सस्तन प्राण्यांत हा कण सहा प्रथिने व सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडांचा एक आरएनए मिळून झालेला असतो. याच सुमारास पटलावरील त्याचा ग्राहकही डोबरस्टाइन व ब्लोबेल या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे ओळखला. १९८७ साली रेमंड डेशेज व रँडी शेकमन यांनी यीस्टच्या उत्परिवर्तनांतून सेक-६१ हे जनुक हाती आणले. १९९१ साली सॅनफर्ड सायमन व ब्लोबेल यांनी विद्युत्-मापनाने जालिकेच्या पटलात प्रथिनवाहक मार्गिका असल्याचे दाखविले. १९९२ व १९९३ साली टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटातील डिर्क गॉर्लिक आदींनी सस्तन प्राण्यांतील सेक-६१ शोधून, शुद्ध केलेल्या मोजक्या घटकांपासून कृत्रिम पटलात संपूर्ण क्रिया पुन्हा घडवून आणली. शेवटी २००४ साली रॅपोपोर्ट गटानेच एका आदिजीवाणूच्या तत्सम मार्गिकेची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली.

बोगदा सिद्ध झाला. परंतु १९७५ साली कल्पिलेला बोगदा तो नव्हे. अनेक ग्राहक प्रथिने एकत्र येऊन त्यांच्या मधोमध पोकळी तयार होते, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात मार्ग एकाच रेणूच्या आतून जातो. त्याचा आकार डमरूसारखा, कंबर अत्यंत अरुंद, आणि विश्रांतीच्या स्थितीत ती एका लहानशा सर्पिलाच्या बुचाने बंद असते. विशेष म्हणजे या मार्गिकेस बाजूने उघडणारी एक फटही आहे. साखळीचा जलविरोधी खंड त्या फटीतून थेट मेदद्रव्यात सरकू शकतो. ज्या मेदद्रव्याच्या रसायनावर प्रतिपक्षाचा सारा भर होता, ते रसायन या बाजूच्या फटीतून पुन्हा आत आले, असे म्हणता येईल.

प्रतिपक्षाचा शेवटचा बालेकिल्ला एम-१३ या जीवाणुभक्षक विषाणूच्या लहानशा आवरण-प्रथिनाचा होता. हे प्रथिन ज्ञात मार्गिकेवाचून जीवाणूच्या पटलात शिरते, एवढेच नव्हे तर १९८५ साली ते प्रथिनविरहित मेदपुटिकांतही शिरताना आढळले होते. स्वयंस्फूर्त प्रवेशाचे याहून चांगले उदाहरण कोणते असणार? परंतु २००० साली असे दिसून आले की, जिवंत जीवाणूत यिड-सी नावाचे पटल-प्रथिन कमी केले की हाच प्रवेश रोखला जातो. काचनळीत जे शक्य होते ते पेशीत तसे घडत नव्हते.

या निकालाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. विकनर यांचा पक्ष हरला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्यांनी दोन विधाने केली होती : हे प्रथिन सर्वसामान्य मार्गिकेतून जात नाही, आणि म्हणून त्यास कोणाचेही साहाय्य लागत नाही. पहिले विधान खरे ठरले, दुसरे खोटे. यिड-सी सापडले ते पहिले विधान खरे होते म्हणूनच. सर्व प्रथिने एकाच दाराने जातात असे मानणाऱ्यांना दुसरे दार शोधण्याचे कारणच पडले नसते. शास्त्रीय वादात पराभूत पक्षाचे ऋण अनेकदा असे असते. त्याचे उत्तर टिकत नाही, पण त्याने धरून ठेवलेला अपवाद टिकतो.

(५)

आता पत्त्याच्या उपमेची परीक्षा घेऊ पाहता, आपल्याकडील न्यायशास्त्राने लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत ते येथे उपयोगी पडतात. लक्षण ज्यास लागू पडू नये त्यासही लागू पडले तर अतिव्याप्ती, आणि ज्यास लागू पडावे त्यास पडले नाही तर अव्याप्ती. पत्त्याच्या उपमेत दोन्ही दोष आहेत.

अतिव्याप्तीचा पुरावा १९८७ साली मिळाला. क्रिस कायझर, डेव्हिड बॉटस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या इन्व्हर्टेज या स्रावी विकराचा संकेत-क्रम काढून टाकला आणि त्या जागी मानवी जनुकद्रव्याचे वाटेल ते तुकडे जोडून पाहिले. त्यांतील सुमारे एक-पंचमांश तुकड्यांनी संकेताचे काम कमीअधिक प्रमाणात पार पाडले. ज्या भाषेत वाटेल तशी अक्षरे लिहिली तरी पाचांपैकी एक पत्र इच्छित घरी पोहोचते, त्या भाषेत अक्षरांना पत्ता म्हणण्यात कितीसा अर्थ आहे? स्रावी प्रथिनांच्या संकेत-क्रमांची तुलना केली तरी हेच दिसते. त्यांची लांबी साधारणपणे १५ ते ३० ॲमिनो अम्लांची. आरंभी बहुधा धनभारित अम्ले, मध्ये जलविरोधी पट्टा, आणि शेवटी छेदाच्या जागी लहान आकाराची अम्ले. एवढे साम्य सोडले तर समान अक्षरक्रम असा नाहीच. संकेतग्राही कणातील ज्या खोबणीत हा पट्टा बसतो ती मेथिओनिनच्या लवचिक शाखांनी आच्छादलेली असते. ठरावीक शब्द वाचण्यासाठी ती घडलेली नसून कोणताही पुरेसा जलविरोधी पट्टा सामावून घेण्यासाठी घडलेली आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. पेशीद्रवात राहणाऱ्या प्रथिनांच्या आरंभी असे पट्टे सहसा नसतात. तेव्हा संकेत सैल असला तरी व्यवहारात निवड अचूकच होते, मग उपमेस दोष का द्यावा? आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे. परंतु तिच्यावरून निघते ते एवढेच की, निवडीची अचूकता केवळ संकेतात साठविलेली नाही. ती प्रथिनसमूहाच्या उत्क्रांतीत, कणाच्या बंधनशक्तीत आणि पुढे मार्गिकेच्या दुसऱ्या परीक्षेत विभागलेली आहे. पत्त्याच्या उपमेत सारे ज्ञान पत्रावर असते व टपालवाला केवळ वाचक असतो. येथे टपालवाल्याचे अंगही ज्ञानाचा भाग आहे.

अव्याप्तीचा पुरावा याहून बोलका आहे. पेशीत अशी शेकडो प्रथिने आहेत की ज्यांचा एकमेव पटलभेदी खंड साखळीच्या अगदी शेवटी असतो. पुटिकांच्या मीलनास आवश्यक अशी स्नेअर प्रथिने त्यांतीलच. १९९३ साली रॅपोपोर्ट यांच्या गटाने या पुच्छबद्ध प्रथिनांचा स्वतंत्र वर्ग म्हणून निर्देश केला. त्यांच्या बाबतीत मूळ परिकल्पना तत्त्वतःच लागू पडू शकत नाही. रायबोसोमच्या निर्गम-बोगद्यात साखळीची शेवटची ३० ते ४० ॲमिनो अम्ले झाकलेली असतात. जो खंड साखळीच्या शेवटी आहे तो उघडा पडतो तेव्हा साखळी पूर्ण होऊन रायबोसोमपासून सुटलेली असते. तयार होत असतानाच ओळखले जाणे ही ज्या उपपत्तीची मुख्य अट, तिच्यात या प्रथिनांना जागा नाही. २००७ साली स्टेफानोविच व रामानुजन हेगडे यांनी सस्तन प्राण्यांत या प्रथिनांचा पाठीराखा टीआरसी-४० ओळखला, आणि २००८ साली माया शुल्डिनर आदींनी यीस्टमध्ये त्याचा प्रतिरूप गेट-३ व पटलावरील त्याचे ग्राहक गेट-१ व गेट-२ यांचा संपूर्ण मार्ग उलगडला. या मार्गात आरएनए नाही, संकेतग्राही कण नाही, सेक-६१ची मार्गिकाही नाही.

मुख्य मार्गाची अपरिहार्यताही अपेक्षेइतकी निरपवाद ठरली नाही. १९९१ साली हान व वॉल्टर यांनी यीस्टमधून संकेतग्राही कणच नाहीसा केला. पेशी मेल्या नाहीत. त्यांची वाढ अत्यंत मंदावली, आणि निरनिराळ्या प्रथिनांच्या वहनावर निरनिराळ्या प्रमाणात परिणाम झाला. १९९६ साली वॉल्टर यांच्याच प्रयोगशाळेने याचे स्पष्टीकरण दिले : संकेत जितका अधिक जलविरोधी तितका तो या कणाच्या मार्गाने जातो, कमी जलविरोधी संकेत असलेली साखळी पूर्ण झाल्यानंतर अन्य घटकांच्या साहाय्याने जाते. मार्ग ठरतो तो गुणधर्माच्या प्रमाणावरून. पत्त्याला कमी-अधिक प्रमाण नसते. तो एक तर असतो किंवा नसतो.

(६)

वेळेचा प्रश्न १९७५ नंतर पुन्हा पुढे आला तो संकेतग्राही कणाच्या एका विलक्षण गुणामुळे. गव्हाच्या अंकुरापासून केलेल्या मिश्रणात हा कण साखळीची वाढच थांबवितो, असे वॉल्टर व ब्लोबेल यांना १९८१ साली आढळले. परंतु सशाच्या रक्तपेशींपासून केलेल्या मिश्रणात तीच क्रिया पूर्ण थांबण्याऐवजी केवळ मंदावते, असे पुढे दिसून आले. या मंदगतीचा उपयोग काय, हे बराच काळ स्पष्ट नव्हते. २००८ साली स्ट्रुब यांच्या गटाने दाखविले की, पटलावरील ग्राहकांची संख्या मर्यादित असते; साखळी फार वेगाने लांबत गेली तर ग्राहक मोकळा होईपर्यंत ती पटलातून नेण्याच्या अवस्थेत राहत नाही. कण तिला थोपवून धरतो तो हा अवधी मिळविण्यासाठी. येथे जे आहे त्याचे वर्णन पत्तावाचन या शब्दाने होत नाही. ती एक शर्यत आहे, आणि तिचा निकाल वेगांच्या तुलनेवर अवलंबून आहे.

पोहोचविणे आणि बसविणे यांतील भेदही उपमेने पुसून टाकला आहे. १९८० साली ब्लोबेल यांनी आपली परिकल्पना विस्तृत करून पटल-प्रथिनांसाठी संकेत, विराम, निवेश व विभाजन असे चार प्रकारचे क्रम कल्पिले. साखळीची पटलातील रचना या क्रमांच्या मालिकेने लिहिलेली आहे, असा तो विचार होता. तो फलदायी ठरला, परंतु त्याने मार्गिकेकडे आज्ञाधारक यंत्राची भूमिका दिली. २००५ साली गुन्नार फॉन हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांवरून वेगळेच चित्र दिसले. एखादा खंड पटलात थांबतो की पलीकडे जातो हे त्याच्या प्रत्येक ॲमिनो अम्लाच्या जलविरोधाच्या व त्याच्या जागेच्या बेरजेने ठरते. आणि ही बेरीज खंड व मेदद्रव्य यांच्यातील समतोलाच्या हिशेबाशी जुळते. हा हिशेब एंगेलमन व स्टाइट्झ यांच्या विचारपद्धतीच्या किती निकटचा आहे, हे सांगावयास नको.

अनेकदा पटल ओलांडणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत तर सेक-६१ हेच एकमेव दार, हे मतही आता मागे पडले आहे. २००९ साली यीस्टमध्ये आढळलेला ईएमसी हा प्रथिन-संघ खरोखर पटलनिवेशक आहे, हे २०१८ साली हेगडे यांच्या गटाने सिद्ध केले. मध्यम जलविरोधी शेपटीची काही पुच्छबद्ध प्रथिने, तसेच संप्रेरकग्राहकांसारख्या सात वेळा पटल ओलांडणाऱ्या कित्येक प्रथिनांचा पहिला खंड, हे त्याचे काम होय. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी पुढचे पाऊल टाकले. बहुपटलभेदी प्रथिने तयार होत असताना सेक-६१च्या पाठीमागे निवेशकांचा एक स्वतंत्र समूह गोळा होतो, आणि त्या वेळी सेक-६१ची बाजूची फट बंद असते. या सर्व निवेशकांतील मुख्य घटक—गेट-१, ईएमसीचा एक घटक, आणि टीएमसीओ-१—एकाच प्राचीन कुळातील आहेत, आणि जीवाणूंचे यिड-सी हेही त्याच कुळातील. एम-१३च्या ज्या लहानशा प्रथिनाकडे एके काळी अपवाद म्हणून पाहिले गेले, त्याचा मार्ग मानवी पेशीपर्यंत पसरलेल्या एका मोठ्या नियमाचा दर्शक निघाला.

हा सारा तपशील केवळ पंडिती वादाचा नाही. प्रीप्रोइन्शुलिनच्या संकेत-क्रमातील काही उत्परिवर्तनांमुळे अर्भकावस्थेतच मधुमेह जडतो. त्यांपैकी एकात छेदाच्या जागेवरील ॲलानीनच्या ठिकाणी ॲस्पार्टिक अम्ल येते. साखळी जालिकेपर्यंत पोहोचते, पण संकेत नीट कापला न गेल्याने पुढचे घडण बिघडते. सिस्टिक फायब्रोसिस या रोगात सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन १४८० ॲमिनो अम्लांच्या एका पटल-प्रथिनातून एकच फेनिलॲलानीन वगळते. तेही संकेताच्या जागी नव्हे, तर पेशीद्रवातील भागात. प्रथिन जालिकेच्या पटलात पोहोचते. घडी मात्र बिघडते, आणि पेशी त्याचा बहुतांश भाग नष्ट करते. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्रिघटक औषधातील दोन घटक ही घडीच सुधारतात. पत्ता बरोबर होता की नाही, एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला या दोन्ही रोगांचे मर्म सापडणार नाही. औषधी प्रथिने पेशींकडून तयार करून घेणाऱ्या उद्योगालाही हा अनुभव आहे. एका प्रथिनासाठी उत्तम ठरलेला संकेत दुसऱ्या प्रथिनास जोडला असता उत्पादन घटू शकते, आणि योग्य जोडी प्रयोगानेच शोधावी लागते. पत्ता खराच पत्ता असता, तर तो कोणत्याही पाकिटावर सारखाच चालला असता.

(७)

एवढ्या विवेचनानंतर संकेत-परिकल्पनेचे मूल्य काय ठरते? तिच्यातील मध्यवर्ती विधान—साखळीचे गंतव्य साखळीतच अंतर्भूत असलेल्या भौतिक लक्षणावर अवलंबून असते—आजही अढळ आहे. पुच्छबद्ध प्रथिनांनीही त्यास बाध आणला नाही. लक्षणाची जागा व त्याचा ग्राहक तेवढा बदलला. साखळी तयार होताना आरंभीच्या संकेतानेच तिला पटलाकडे नेले जाते, हे दुसरे विधान मोठ्या वर्गास लागू पडते, पण सार्वत्रिक नाही. सर्व साखळ्या एकाच बोगद्यातून जातात, हे तिसरे विधान आज स्वीकारता येत नाही. तीन विधानांचे असे तीन निराळे निकाल लागतात. संपूर्ण परिकल्पना सिद्ध झाली असे सरसकट म्हणण्याने या तिन्हींची सरमिसळ होते, आणि तिच्या कर्त्यांनी खरोखर काय मिळविले हेही त्यामुळे झाकले जाते.

पत्त्याच्या उपमेऐवजी दुसरी उपमा हवीच असेल, तर ती सराफाच्या पारखेची घ्यावी. सराफ सोन्यावर लिहिलेले नाव वाचत नाही. कसोटीवर उमटणाऱ्या रेघेवरून कस ठरवितो. कस कमी-अधिक असू शकतो, सीमेवरचा माल एका पेढीवर नाकारला जाऊन दुसरीवर स्वीकारला जाऊ शकतो, आणि पारखणाऱ्याचे कौशल्य हा निर्णयाचा अविभाज्य भाग असतो. पेशीतही साखळीची पारख एकदा होत नाही. संकेतग्राही कण, त्याचा ग्राहक, मार्गिका, छेदक विकर व घडी तपासणारे घटक अशा अनेक कसोट्यांतून ती जाते, आणि प्रत्येक कसोटीस ठरावीक अवधी असतो. अर्थात ही उपमाही एका ठिकाणी तुटेल. सराफाला घाई नसते, पेशीला असते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात हा विषय शिकविताना १९७५चे दोन निबंध आणि १९७९चा विकनर यांचा प्रतिवाद एकत्र वाचले जावेत, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी ठरू नये. एका बाजूस धाडसी अनुमान व त्याची काटेकोर प्रयोगबांधणी आहे. दुसऱ्या बाजूस त्या अनुमानाच्या कक्षेत न मावणाऱ्या एका लहान प्रथिनाविषयीचा आग्रह आहे. या दोहोंच्या ताणातून जे निष्पन्न झाले ते कोणत्याही एका पक्षाच्या मूळ कल्पनेहून अधिक समृद्ध आहे. पत्त्याचे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तर मिळते. हा वाद वाचणाऱ्यास पुढचा प्रश्न विचारता येतो.